ताप, पाठदुखी आणि एओर्टाला (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीला) एका बाजूने आलेला फुगा: संसर्ग आहे हे कसं ठरवायचं, आणि सुरुवात कुठून करायची?

किनारा_एमडी (प्रश्न)

पेशंट ५८ वर्षांचे, कोकणातले शेतकरी. मधुमेह दहा वर्षांपासून, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं मोजमाप) ११.२. तीन आठवडे ताप, संध्याकाळी थंडी वाजून. सोबत कमरेत आणि डाव्या कुशीत दुखणं, रात्री जास्त. वजन ५ किलोने उतरलं. बाहेर विडाल (टायफॉइडची रक्तचाचणी) 'ओ १:१६०' आली म्हणून सात दिवस सेफिक्झिम, मग पाच दिवस ऑफ्लॉक्सासिन. ताप उतरला आणि पुन्हा चढला.

आमच्याकडे नाडी १०४, रक्तदाब १४८/८६, पांढऱ्या पेशी १७,४००, सीआरपी (दाहाचं मोजमाप) १६८, हिमोग्लोबिन ९.८, क्रिएटिनिन १.३. बारा दिवसांपूर्वीच्या सोनोग्राफीत एओर्टा २.६ सेंमी असा साधा उल्लेख होता. काल सीटी केला: मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या खाली, डाव्या बाजूला पिशवीसारखा ४.१ × ३.६ सेंमी फुगा, भोवती मऊ ऊतक आणि धूसर चरबी, कण्यालगतच्या डाव्या सोआस स्नायूत छोटा द्रव. एक ब्लड कल्चर घेतलं होतं, ४८ तासांत काही उगवलं नाही.

चार गोष्टी विचारायच्या आहेत. हा संसर्गाचाच फुगा आहे, की दाहक अ‍ॅन्युरिझम (जंतूंशिवाय सुजलेल्या भिंतीचा फुगा) किंवा कोंडून राहिलेली फूट? कल्चर निगेटिव्ह असताना कोणतं अँटिबायोटिक लावू? शस्त्रक्रिया उघडी की स्टेंट-ग्राफ्ट (धमनीच्या आतून सरकवून बसवायची नळी)? औषध किती दिवस? व्हॅस्क्युलर सर्जन असलेलं केंद्र रस्त्याने पाच तासांवर आहे.

क्षकिरण

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दोन रिपोर्टांच्या तारखांत आहे. बारा दिवसांत २.६ चे ४.१ सेंमी झाले. कोलेस्टेरॉलने झिजलेला नेहमीचा फुगा वर्षाला काही मिलिमीटर वाढतो. सोनोग्राफी आणि सीटीच्या मोजमापातला फरक कितीही धरला, तरी एवढी वाढ संसर्गात किंवा फुटण्याच्या वाटेवरच दिसते. जुनी सोनोग्राफी काढून ती चित्रं स्वतः पुन्हा मोजा, रिपोर्टातल्या आकड्यावर थांबू नका.

आकाराकडे बघा. झिजेचा फुगा तर्कूसारखा, सगळीकडून सारखा फुगलेला असतो, भिंतीत कॅल्शियमची कडा आणि आत गुठळीचे थर असतात. संसर्गाचा फुगा एका बाजूला लोंबतो, कडा खडबडीत, कधी दोन-तीन कप्पे. त्याच्या भिंतीत कॅल्शियम नसतं. शेजारच्या निरोगी एओर्टात कॅल्शियमची रेघ असेल आणि नेमकी फुग्याच्या मानेशी ती तुटली असेल, तर तिथे भिंत खाल्ली गेली आहे असं धरा. खरं तर यातले बरेच फुगे भिंत ताणून झालेले नसतातच. भिंतीला भोक पडून भोवतालच्या ऊतकांनी अडवून धरलेलं ते रक्त असतं. त्यामुळे 'संसर्ग की कोंडलेली फूट' या प्रश्नाचं उत्तर अनेकदा 'दोन्ही' असतं.

दाहक अ‍ॅन्युरिझमचं चित्र वेगळं. पुढून आणि बाजूंनी जाड साल, मागची बाजू बहुधा मोकळी, मूत्रनलिका मध्याकडे ओढलेल्या, एखाद्या मूत्रपिंडात पाणी. उशिराच्या फेजमध्ये ती साल उजळते. तिथे आयजीजी-फोर (रक्तातलं एक प्रतिपिंड) मागवा. तुमच्या पेशंटमध्ये सोआसमधला द्रव आणि एका बाजूचा फुगा या चित्रात बसत नाहीत. तरुण स्त्री असती तर टाकायासूचा (मोठ्या धमन्यांच्या दाहाच्या आजाराचा) विचार केला असता. त्यात लांबच लांब भाग जाडावतो आणि धमन्या अरुंद होतात, एकाच जागी पिशवी क्वचित.

क्षयाचा विचार मात्र कायम ठेवा. क्षय मणक्यातून किंवा एओर्टालगतच्या गाठींतून भिंतीत शिरतो. कमरेच्या मण्यांच्या कडा कुरतडलेल्या आहेत का, चकती बसली आहे का, सोआसमधल्या पुवात कॅल्शियमचे कण आहेत का, हे हाडाच्या विंडोमध्ये बघा. फुफ्फुसांचे वरचे भागही बघा.

सीटी फक्त शिरांच्या फेजमध्ये झाला असेल तर तो पुन्हा करावा लागेल. आधी कॉन्ट्रास्टशिवाय, मग धमन्यांची फेज, मग ७० सेकंदांची उशिराची फेज. जाडी १ मिमी. मानेच्या मुळापासून जांघेपर्यंत पूर्ण, कारण दुसरा फुगा छातीत असू शकतो आणि सर्जनला जांघेतल्या धमन्याही मोजायच्या असतात. कोपरातल्या शिरेत १८ नंबरचा कॅन्युला, कॉन्ट्रास्ट ४ ते ५ मिली प्रति सेकंद. क्रिएटिनिन १.३ साठी हे अडवू नका. पण त्यासाठी पेशंटला दोन दिवस तुमच्याकडे थांबवूही नका, पुढच्या केंद्रात होईल.

आणि एक धोका मोठ्याने सांगतो. सोआसमधला द्रव दिसला म्हणून त्यात सुई घालू नका. धमन्यांची फेज बघितल्याशिवाय, किमान डॉप्लर लावल्याशिवाय, तो पू आहे की फुग्यातून झिरपलेलं रक्त, हे कळत नाही. एओर्टाशेजारच्या 'गळवात' घातलेली सुई पेशंटला टेबलावरच घालवू शकते.

पेट-सीटी (साखर जास्त खाणाऱ्या जागा उजळवणारा स्कॅन) निदान अडलं तरच उपयोगी. दाहातही तो उजळतो, त्यामुळे एकट्याने निकाल देत नाही. साखर २०० च्या वर असेल तर चित्र फसतं, मेटफॉर्मिन चालू असेल तर आतडं इतकं उजळतं की शेजारचं वाचता येत नाही. इथे त्याच्यासाठी एक तासही घालवू नये.

धमनी_टाका

सविस्तर नंतर लिहितो. आधी हे: आज रात्रीच हलवा. पिशवीचा आकार, जलद वाढ, दुखणं, हे तिन्ही असताना फुग्याचा व्यास किती याला अर्थ उरत नाही. साडेपाच सेंमीची मर्यादा झिजेच्या फुग्यासाठी आहे. हे ३ सेंमीला सुद्धा फुटतात.

रक्तदाब १४८ वर ठेवू नका. सिस्टोलिक १०० ते १२० मध्ये आणा, लॅबेटॅलॉल १० ते २० मिग्रॅ शिरेतून सावकाश, गरज पडल्यास पुन्हा. नाडी १०४ ही तापाची आणि सेप्सिसची आहे, ती ६० करण्याच्या मागे लागू नका. लघवी आणि शुद्ध बघत राहा. दुखणं फेंटॅनिल किंवा मॉर्फिनने कमी करा, त्याने रक्तदाबही उतरतो. डायक्लोफेनॅक नको, मूत्रपिंडं पुढे कॉन्ट्रास्ट आणि क्लॅम्प दोन्ही सोसणार आहेत. फुगा हाताला लागतो का म्हणून प्रत्येकाने पोट दाबून बघू नये.

दोन्ही हातांना १८ किंवा १६ नंबरचे कॅन्युला. सीटीची फिल्म नव्हे, मूळ डायकॉम फाइल्स पेन ड्राइव्हवर द्या आणि शक्य तर निघण्याआधीच पाठवा. स्टेंट-ग्राफ्टचं माप फिल्मवरून घेता येत नाही. पुढच्या केंद्राला फोन करून रक्तगट कळवा, निदान चार युनिट रक्त तयार ठेवायला सांगा. वाटेत अचानक पाठीत कळ आली आणि रक्तदाब कोसळला, तर पेशंट शुद्धीवर आहे तोवर सिस्टोलिक ७० ते ९० चालेल. लिटरवर लिटर सलाईन ओतून दाब वर नेला की कोंडलेली गुठळी सुटते.

सूक्ष्मदर्शी

दोन उत्तरं वाचली. निघण्याआधीचा अर्धा तास मला हवा आहे, कारण जंतूचं नाव कळलं तर पुढचे सहा महिने सोपे होतात.

ज्या एका कल्चरवर 'निगेटिव्ह' म्हणताय ते बारा दिवसांच्या गोळ्यांनंतर घेतलं आहे. त्याला किंमत नाही. विडालवर तर काहीच ठरवू नका. आपल्याकडे निरोगी माणसांतही १:१६० दिसतो आणि दुसऱ्या संसर्गातही चढतो. अशा तापात विडाल करून सेफिक्झिम सुरू होतं, ते रक्तातले जंतू तात्पुरते झोपवतं, पण भिंतीतल्या जंतूंपर्यंत पुरेसं पोचत नाही. फुगा वाढत राहतो आणि कल्चर कोरं येतं. संसर्गाच्या फुग्यांत पाव ते निम्म्या पेशंटांची कल्चरं निगेटिव्ह येतात, त्याचं एक मोठं कारण हे आधीचं औषध.

आता तीन संच घ्या. तीन वेगळ्या शिरांतून, कॅन्युलातून नाही. प्रत्येक संचात दोन बाटल्या, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली, म्हणजे एकूण साधारण ६० मिली. प्रौढांत कल्चर चुकण्याचं पहिलं कारण कमी रक्त हे आहे. लोक ३ मिली घालून मोकळे होतात. अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्सिडिन लावून ३० सेकंद वाळू द्या, बाटलीचं रबरी बूचही पुसा. अँटिबायोटिक शोषणाऱ्या रेझिनच्या बाटल्या असतील तर त्याच वापरा. तिन्ही संच दहा-दहा मिनिटांच्या अंतराने झाले तरी पुरे. त्यानंतर लगेच औषध सुरू करा. कल्चरसाठी औषध दोन दिवस रोखण्याची चैन या पेशंटला नाही.

फॉर्मवर 'ताप' एवढंच लिहू नका. 'एओर्टाचा संसर्ग, मधुमेह, कोकण, शेती' असं लिहा आणि प्रयोगशाळेत फोन करा. कारण यादीत चार नावं ठेवायला हवीत. साल्मोनेला सर्वांत वर. पन्नाशीपुढच्या माणसाच्या एओर्टात जिथे झिजेची चट्टी असते तिथे हा जंतू रक्तातून येऊन बसतो. मग स्टॅफिलोकॉकस ऑरियस. मग बर्कहोल्डेरिया सूडोमलाय, म्हणजे मेलिऑइडोसिस. भाताच्या चिखलात आणि पावसाच्या पाण्यात तो राहतो, मधुमेह्यांना धरतो. उडुपी-मणिपाळच्या किनाऱ्यावर तो पावसाळ्यात नियमित सापडतो. कोकण आणि गोव्याची माती, पाऊस, भातशेती तशीच आहे, तेव्हा इथे तो शोधायलाच हवा. चौथा ब्रुसेला: गाई-म्हशी, शेळ्या, कच्चं दूध विचारा, रोझ बेंगॉल आणि ट्यूब अ‍ॅग्लुटिनेशन पाठवा. यांच्या बरोबर एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणीही पाठवा. 'मायकॉटिक' हे नाव ऑस्लरने १८८५ मध्ये दिलं, झडपेवरच्या बुरशीसारख्या दिसणाऱ्या कोंबांवरून. म्हणून बुरशीचं औषध सुरू करू नका. बुरशी इथे विरळा. आताशा 'इन्फेक्टिव्ह नेटिव्ह एओर्टिक अ‍ॅन्युरिझम' हे नाव त्याचसाठी रूढ होतंय.

मॅकॉंकीवर (जंतू वाढवायच्या एका माध्यमावर) लॅक्टोज न आंबवणाऱ्या फिकट वसाहती आल्या की ऑक्सिडेजची पट्टी करा. मिनिटाच्या आत रस्ता फुटतो. निगेटिव्ह असेल तर साल्मोनेलाकडे चला, एक्सएलडी माध्यमावर काळ्या मध्याच्या वसाहती दिसतील. पट्टी जांभळी झाली तर 'स्यूडोमोनास' असा घाईचा रिपोर्ट देऊ नका. जंतू जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला दाद देत नाही पण अमॉक्सिक्लॅवला देतो, ग्रॅममध्ये दोन्ही टोकं रंगलेली सेफ्टी पिनसारखी दिसतात, दोन-तीन दिवसांत वसाहत सुरकुतते: हे बर्कहोल्डेरिया. स्वयंचलित यंत्रं त्याला कधी सेपेशिया (त्याच वंशातली दुसरी जात) म्हणतात. प्लेट हुंगू नका, काम सेफ्टी कॅबिनेटमध्येच. ब्रुसेलाचा संशय असतानाही हेच.

सुरुवातीचं औषध: मेरोपेनेम १ ग्रॅम दर ८ तासांनी आणि व्हॅन्कोमायसिन, पहिला डोस वजनाच्या किलोमागे २५ मिग्रॅ, मग १५ मिग्रॅ दर १२ तासांनी, एयूसी (दिवसभरात रक्ताला मिळणाऱ्या औषधाचं मोजमाप) ४०० ते ६०० च्या मध्ये ठेवून. किनाऱ्यावरच्या मधुमेह्याला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन एकटं देऊ नये, मेलिऑइडोसिसमध्ये ते भरवशाचं नाही. जंतू कळला की मात्र औषध आवळा. मेरोपेनेम महिनाभर चालू ठेवणं म्हणजे आळस आहे.

किनारा_एमडी

तिन्ही संच घेतले, मग औषध सुरू करून त्याच रात्री हलवलं. सोळा तासांत दोन संच पॉझिटिव्ह. ऑक्सिडेज निगेटिव्ह, साल्मोनेला, टायफी नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अझिथ्रोमायसिनला संवेदनशील, पेफ्लॉक्सासिनच्या डिस्कला प्रतिरोधक. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत झडपा स्वच्छ. छातीत दुसरा फुगा नाही. चौथ्या दिवशी ताप नाही, दुखणं निम्मं, सीआरपी ९२. नातेवाईक विचारतात की औषधाने एवढा फरक पडला तर ऑपरेशन हवंच का? सहा आठवडे इंजेक्शन देऊन बघू या का, असं मलाही वाटून गेलं.

धमनी_टाका

नाही. आणि हे नातेवाईकांना चित्र काढून समजावा. औषधाने रक्त स्वच्छ होतं, भिंतीतले जंतूही कमी होतात. पण भिंतीत पडलेलं भोक औषधाने बुजत नाही. ताप उतरल्यावर, सीआरपी अर्धं झाल्यावर, अगदी कल्चर निगेटिव्ह आल्यावरही हे फुगे फुटतात. साल्मोनेलात तर हे नेहमीचं. निव्वळ औषधावर ठेवायचं ते ज्यांना कुठलीही शस्त्रक्रिया सोसणार नाही त्यांना.

मिळालेल्या चार दिवसांचा उपयोग वेगळा आहे. पेशंट स्थिर असेल, फुगा वाढत नसेल, तर औषधाखाली काही दिवस जाऊ देऊन मग जाणं चांगलं, रक्तात जंतू नसताना कृत्रिम नळी बसते. पण ४८ ते ७२ तासांनी सीटी पुन्हा करा. वाढ दिसली किंवा दुखणं परतलं की थांबायचं नाही.

आता उघडी की स्टेंट. मी आकडे ठेवतो, मग माझा कल सांगतो. युरोपातल्या १६ केंद्रांनी स्टेंट-ग्राफ्टने उपचार केलेले १२३ पेशंट २०१४ मध्ये मांडले. महिन्याला ९१ टक्के जिवंत, वर्षाला ७५, पाच वर्षांना ५५. एकोणीस टक्के पुढे संसर्गानेच गेले. साल्मोनेलाखेरीज दुसरा जंतू असलेल्यांचं जास्त वाईट झालं. स्वीडनमधल्या पोटातल्या फुग्यांच्या १३२ पेशंटांत तीन महिन्यांना उघड्या शस्त्रक्रियेनंतर ७४ टक्के आणि स्टेंटनंतर ९६ टक्के जिवंत होते, पाच वर्षांपर्यंत तो फरक पुसला गेला. म्हणजे स्टेंट सुरुवातीचा मृत्यू टाळतो, संसर्ग काढत नाही. फुटलेला फुगा, म्हातारा पेशंट, खराब हृदय, छातीतली एओर्टा, इथे मी बिनदिक्कत स्टेंट टाकतो. मणक्यात पू, भोवती वायूचे बुडबुडे, आतड्याला किंवा श्वासनलिकेला भोक असेल तर स्टेंट फक्त वेळ विकत घेतो, आणि तो वेळ वाया घालवता कामा नये.

तुमचे पेशंट ५८ वर्षांचे, फुगा मूत्रपिंडांच्या खाली, हृदय चांगलं. माझा कल उघड्या शस्त्रक्रियेकडे. ज्या केंद्रात एओर्टाची उघडी कामं कमी होतात तिथे स्टेंट आणि सोआसचा निचरा हेही योग्यच, कारण जंतू साल्मोनेला आहे आणि औषधाला दाद देतोय.

उघड्यात पहिला क्लॅम्प संसर्गापासून दूर. फुग्याच्या मानेशी हात घालून जागा करू गेलात तर ती तिथेच फाटते. म्हणून आधी डायफ्रॅमखाली, सीलिअ‍ॅक धमनीच्या वर ताबा घ्या, मग इलिअ‍ॅक, मगच फुगा उघडा. भिंत रक्त येणाऱ्या निरोगी ऊतकापर्यंत कापा. 'जरा लालसर आहे, चालेल' म्हणून ठेवलेल्या कडेवरचा टाका दहाव्या दिवशी सुटतो. मागची भिंत आणि सोआस खरवडा, मणक्यासमोरचं मऊ झालेलं सगळं काढा, धुवा. मग हातमोजे, चादरी आणि उपकरणं बदला, तेव्हाच नवी नळी टेबलावर येऊ द्या.

नळी कोणती, यावर प्रत्येकाचं मत वेगळं. बोवाइन पेरिकार्डियम (गाईबैलांच्या हृदयावरचं आवरण) मला सोपं वाटतं. पत्रा गुंडाळून नळी करायची, २० मिमी व्यासाला सुमारे ६.५ सेंमी रुंदी लागते, लांब शिवण पुढे ठेवायची म्हणजे गळती दिसते. मांडीची खोल शीर संसर्गाला सगळ्यांत चिवट, पण दोन तास वाढतात आणि पाय सुजतो. मृतदात्याची गोठवलेली धमनी आपल्याकडे मोजक्याच केंद्रांत मिळते. यांपैकी काहीच नसेल तर जिलेटिन लावलेला डेक्रॉन (कृत्रिम धाग्याची नळी) रिफाम्पिसिनमध्ये भिजवून: ६०० मिग्रॅची वायल १० मिली सलाईनमध्ये, म्हणजे मिलीला ६० मिग्रॅ, नळी पूर्ण बुडेल एवढं द्रावण, १५ ते ३० मिनिटं. हे इंजेक्शन सगळीकडे नसतं, आदल्या दिवशी मागवा. कॅप्सूल फोडून भुकटी वापरू नका, ती निर्जंतुक नसते. आणि रिफाम्पिसिन स्टॅफवर चांगलं, साल्मोनेला-ई कोलायसारख्यांवर दुबळं. भिजवलं म्हणून खरवडण्यात कुचराई नको.

टाके पॉलिप्रोपिलीनचे. फेल्टचे तुकडे लावू नका, आधार हवाच असेल तर पेरिकार्डियमची पट्टी. शेवटी ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा) देठासकट मेसोकोलनमधून (मोठ्या आतड्याला धरणाऱ्या पडद्यातून) खाली आणून नळीभोवती गुंडाळा, ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) आणि नळी यांच्या मध्ये तो यायलाच हवा. पुढे फिस्टुला (आतडं आणि नळी यांच्यात पडलेली वाट) होतो तो नेमका तिथे.

पोट पुवाने भरलेलं असेल तर जागेवर नळी नको. आधी काखेतून जांघांपर्यंत बायपास, त्या जखमा बंद करून झाका, मग पोट. एओर्टाचं टोक दोन थरांत शिवून ओमेंटमने झाकावं लागतं. हे टोक पुढे फुटणं ही या पद्धतीची ओळखीची आणि बहुतेक वेळा जीवघेणी गुंतागुंत.

स्टेंट करणाऱ्यांसाठी: वर आणि खाली किमान २ सेंमी निरोगी भिंत, माप १० ते २० टक्के मोठं. या पेशंटांची बाकीची एओर्टा बारीक असते. खाली १८ मिमी असेल तर दोन पायांचं उपकरण त्यात चिमटतं आणि एक पाय बंद पडतो, तिथे सरळ नळी बरी. फुगा बंद झाल्यावर, आधी नव्हे, सोआसमध्ये १० ते १२ फ्रेंचची पिगटेल (निचऱ्याची बारीक नळी) घाला.

सूक्ष्मदर्शी

शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत एक निरोप पोचवा. कापलेली भिंत फॉर्मेलिनच्या एकाच डबीत जाते आणि सगळं संपतं. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतो, कल्चर होत नाही. चार-पाच तुकडे घ्या. एक फॉर्मेलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला, उरलेले निर्जंतुक डबीत थोड्या सलाईनसह: साधं कल्चर, बुरशी, क्षयासाठी जीनएक्सपर्ट (जनुकीय चाचणी) आणि एमजीआयटी (द्रव माध्यमातलं कल्चर), जे ४२ दिवस ठेवतात. एक तुकडा उणे ८० वर राखून ठेवा, कल्चर कोरं आलं तर १६-एस आरआरएनए पीसीआरला (जनुकावरून जंतू ओळखायच्या चाचणीला). कापसाचा बोळा फिरवून पाठवू नका, ऊतकच पाठवा. रक्तात साल्मोनेला मिळालाय म्हणून क्षयाची तपासणी टाळू नका, मणक्याशी चिकटलेल्या फुग्यात दोन्ही असू शकतात.

सहा_महिने

औषधाच्या मुदतीचं मी लिहितो. संवेदनशीलता आल्यावर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन २ ग्रॅम रोज, सुरुवातीच्या आठवड्यांत काही जण १२ तासांनी २ ग्रॅम देतात. शस्त्रक्रियेनंतर शिरेतून किमान सहा आठवडे, मग तोंडाने, एकूण सहा महिन्यांच्या आत थांबू नये. स्टेंट आत राहिला असेल आणि खरवडणं झालंच नसेल तर बरीच केंद्रं जन्मभर चालू ठेवतात. युरोपातल्या ज्या अभ्यासाचा वर उल्लेख आहे त्यात संसर्गाने गेलेल्या २३ जणांपैकी ९ जण औषध बंद झाल्यावर गेले. 'सीआरपी नॉर्मल, बंद करू' म्हणताना हा आकडा आठवावा.

तोंडाने कोणतं, हे इथे अवघड आहे. पेफ्लॉक्सासिन प्रतिरोधक म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन गेलं, ऑफ्लॉक्सासिनने ताप का परतला तेही कळलं. शिवाय फ्लुरोक्विनोलोनमुळे एओर्टा फुगण्या-फाटण्याचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१८ मध्ये दिलाय. चांगला पर्याय असताना ते या पेशंटला लांब मुदतीसाठी नको. कोट्रायमोक्साझोल किंवा अमॉक्सिसिलिन संवेदनशील असेल तर तेच. कोट्रायमोक्साझोल देताना सोबत टेल्मिसार्टन असेल तर पोटॅशियम पहिल्या आठवड्यातच तपासा. चढतं, आणि कोणी बघत नाही.

हाच जंतू बर्कहोल्डेरिया असता तर हिशेब बदलला असता: सेफ्टाझिडिम २ ग्रॅम दर ६ तासांनी किंवा मेरोपेनेम, शिरेतून ८ आठवडे, मग कोट्रायमोक्साझोल ६ महिने. ६० किलोच्या वर ३२०/१६०० मिग्रॅ दर १२ तासांनी, ४० ते ६० किलोत २४०/१२००, सोबत फॉलिक अ‍ॅसिड ५ मिग्रॅ. संवेदनशील स्टॅफ असता तर सेफॅझोलिन २ ग्रॅम दर ८ तासांनी.

सहा आठवडे पेशंट रुग्णालयात ठेवायची गरज नाही. पिक लाइन (दंडातून मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी) घालून रोजचं एक सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन तालुक्याच्या ठिकाणी देता येतं. दर आठवड्याला सीबीसी, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या आणि सीआरपी. रिंगर लॅक्टेटमध्ये मिसळू नका, कॅल्शियमशी साका धरतो. पित्ताशयात गाळ साचून उजव्या कुशीत दुखू लागलं तर घाबरून सीटीला धावण्याआधी सोनोग्राफी. साखर इन्सुलिनवर आणा, एचबीएवनसी ११ असताना जखम भरत नाही.

सीटी १, ३, ६ आणि १२ महिन्यांनी, मग दर वर्षी. औषध बंद केल्यावर तीन महिन्यांनी एक जादा. नळीभोवती पहिल्या महिन्यात थोडा द्रव चालतो. तीन महिन्यांनंतर तो वाढला किंवा नवा वायू दिसला तर संसर्ग परतलाय असं धरून कल्चर घ्या आणि सर्जनला बोलवा. पेट-सीटी शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत केला तर जखमेचा उजेडच दिसतो.

डिस्चार्ज कार्डावर वरच्याच ओळीत मराठीत ठळक लिहून द्या: 'एओर्टात नळी बसवली आहे. ताप आल्यास ब्लड कल्चर घेतल्याशिवाय अँटिबायोटिक देऊ नये. काळी शी, रक्ताची उलटी किंवा खोकल्यातून रक्त, थोडं आणि आपोआप थांबलेलं असलं तरी, त्याच दिवशी धमन्यांचा सीटी.' पेशंट स्थिर असेल तर हा सीटी एंडोस्कोपीच्या आधी करायचा, कारण फिस्टुलावर बसलेली गुठळी दुर्बिणीने निघाली तर तिथे थांबवायला काही हातात नसतं. एंडोस्कोपी केलीच तर ड्युओडेनमच्या तिसऱ्या आणि चौथ्या भागापर्यंत जायला सांगा. जठरात व्रण दिसला म्हणून मागे फिरू नये.